गरीब देशांतल्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे पाठवावेत की पैसे द्यावेत?

पैसे द्या. डबे पाठवू नका. उत्तर एवढंच आहे, पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या लोकांकडून डबे गोळा झालेत आणि ते आफ्रिकेतल्या एखाद्या निर्वासित छावणीत कसे पोचवायचे ते हवंय. वर असंही म्हटलंय की पैसे मधल्या मध्ये खाल्ले जातात, वस्तू निदान पोचते तरी. हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

2012 साली मी दक्षिण सूदानमध्ये होतो, अपर नाईलच्या भागात. पलीकडे सूदानच्या ब्लू नाईल प्रांतात लढाई पेटली होती आणि लाखाच्या वर माणसं सीमा ओलांडून आली होती. मी डॉक्टर नाही. एका मदत संस्थेचं गोदाम सांभाळायचो. काय आलं, काय गेलं, काय संपत आलंय, याची वही माझ्याकडे. तिथली माती काळी. पाऊस लागला की ट्रकची चाकं आसापर्यंत रुततात आणि रस्ता महिनोन्महिने बंद. म्हणून पावसाआधीच्या शेवटच्या ट्रकांत काय चढवायचं यावर आमच्यात रोज भांडणं व्हायची.

अशात दाजींच्या मंडळाने गोळा केलेले डबे येऊन ठेपले. ते तिथवर आणायला जो खर्च झाला, तो डब्यांच्या किमतीहून जास्त होता, पण तो मुद्दा सोडा. वरच्या साहेबांकडे शब्द मीच टाकला होता. घरचं माणूस, नाही कसं म्हणायचं? ट्रकात जागा करायला ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पावडरीची, खोकी खाली उतरवली. ती पुढच्या फेरीत येणार होती. पुढची फेरी झालीच नाही.

डबे मी कुलपात ठेवले होते, कारण तसे ते वाटायचे नसतात, हा नियम मला ठाऊक होता. तरी एक डबा दिला. चार महिन्यांची मुलगी घेऊन एक बाई दोन दिवस गोदामाच्या दाराशी बसून होती. दूध पुरत नाही, असं खुणेनं सांगत होती. मला दया आली. ती दया मी अजून विसरलेलो नाही.

आठवड्याभरात तीच मुलगी दवाखान्याच्या तंबूत दिसली. डोळे आत गेलेले, टाळू खोल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जात होती. झालं होतं असं की पाणी डबक्याचं, उकळायला सरपण नाही. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून बाईने पावडर निम्मीच टाकलेली. वरच्या सूचना इंग्रजीत, आणि तिला कुठलीच लिपी येत नव्हती. बाटली सुरू झाल्यावर पोर अंगावर कमी ओढायला लागलं, आणि ओढलं नाही की दूध आटतं. म्हणजे जे थोडं होतं तेही माझ्या डब्याने घालवलं.

तिथली नर्स स्वतःच निर्वासित होती. ती मला काहीही बोलली नाही. ओआरएसचा एक पेला आणि चमचा हातात दिला आणि पुढच्या पोराकडे गेली. मिनिटा-मिनिटाला एक चमचा. मुलीने ओकलं की दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा, आणखी सावकाश. पहाटे तिला लघवी झाली, तेव्हा नर्सने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मुलगी वाचली. पुढे आठ-दहा दिवस नर्सने आईला सारखं अंगावर पाजायला बसवलं आणि दूध परत आलं. पण त्या पावसाळ्यात ओआरएस मोजून द्यायची वेळ आली. त्या वहीत शेवटच्या खोक्यापुढे मी स्वतः मारलेली लाल रेघ आहे.

आता दाजींचं म्हणणं. तू केलेली चूक डब्यावर कशाला ढकलतोस? चूक माझी होतीच. पण 2006 मध्ये इंडोनेशियात योग्यकर्त्याला भूकंप झाला, तिथे मी नव्हतो. तिथे फुकट दूध पावडर मिळालेल्या घरांतल्या लहान मुलांना जुलाब, न मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त झाल्याचं पाहणीत निघालं.

उलट 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा होता. सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी नातेवाइकांच्याच हाती देऊन पाजायला लावलं. 30 टक्क्यांच्या आसपास माणसं मरत होती, ते प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. आणि अतितीव्र कुपोषणावरची शेंगदाण्याची पेस्ट, 92 ग्रॅमचं पाकीट, 500 कॅलरी. तिच्यात पाणी घालावंच लागत नाही, म्हणून घाण पाण्याच्या गावातही ती चालते. दंडघेर 115 मिलिमीटरच्या खाली गेलेलं पोर, त्याला भूक असेल आणि दुसरा आजार नसेल तर, घरीच बरं होऊ शकतं. बाळाला काय हवं यापेक्षा तिथे पाणी कसलं आहे, हा प्रश्न आधी.

पैसे पगारात जातात म्हणता? जाऊ देत की! लस 2 ते 8 अंशांत राहावी म्हणून फ्रिजचं डिझेल कुणीतरी भरतं. मलेरियाच्या महिन्यांत घरोघर जाऊन गोळ्या देणारी बाई पायी फिरते, तिला पगार नको? 1990 मध्ये जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीच्या आसपास मुलं दगावली, 2022 मध्ये 49 लाख. हा फरक अशाच रटाळ खर्चातून पडलाय, आणि त्या-त्या देशांच्या सरकारांनीही त्यात बराच वाटा उचललाय. मदत एकटीने काही करत नाही, हेही खरं. अजूनही दगावणाऱ्यांत जवळपास निम्मी बाळं पहिल्या महिन्यातच जातात. तिथे पाकीट कामाचं नाही, बाळंतपणाला शिकलेलं माणूस लागतं.

कोणत्या संस्थेला द्यावे ते मी सांगणार नाही, मी एकीचा पगार खाल्लाय. हिशोब उघड ठेवणारी, नेमकं एखादं काम करणारी निवडा आणि 'फक्त अमुकसाठीच वापरा' अशी अट घालू नका. आणि हो, दूध पावडर कधीच लागत नाही असं नाही. आई गेलेल्या बाळाला लागते, पण ती तिथलेच लोक जवळून विकत घेतात आणि रोज लक्ष ठेवून देतात. कुपोषणावरचं खास दूधही असतं, तेही फक्त उपचार केंद्रात. गोळा केलेल्या डब्यांचं काय करायचं, ते मात्र मला सुचत नाही.

दाजींनी तेव्हा फोटो मागितला होता. डबे रचलेले, पुढे मी हसतोय. तो अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे. दाजी, तुम्ही इथली माझी उत्तरं वाचता हे मला माहितीये. फोटोत माझ्या डाव्या खांद्यामागे जी रिकामी फळी दिसते, ती ओआरएसची.