विद्यापीठातील पदाधिकाऱ्याला स्वतःची भावनिक बुद्धिमत्ता वाढवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत होऊ शकते का?

तुम्ही लिहिले आहे की मुंबईतील एका विद्यापीठात तुमच्याकडे नुकतेच विभागप्रमुखपद आले आहे, विषयाच्या ज्ञानात आणि नियमांच्या माहितीत तुम्ही कमी पडत नाही, तरीही सहकारी तुम्हाला कोरडे समजतात. पुढच्या महिन्यात संशोधक विद्यार्थ्यांच्या तक्रारींची बैठक तुम्हाला घ्यायची आहे, आणि त्याआधी या बाबतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा काही उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्याला एक अट आहे. यंत्राचा, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या संवाद करणाऱ्या साधनाचा, उपयोग स्वतःला तपासण्यासाठी करावा. समोरच्या माणसाच्या मनात काय चालले आहे, हे यंत्राला विचारू नये. मी उपनगरातील एका महाविद्यालयात आधी विभागप्रमुख आणि नंतर उपप्राचार्य होते. ही अट मला एका चुकीतून समजली; ती चूक पुढे सांगते.

भावनिक बुद्धिमत्ता ही संकल्पना पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडली, आणि १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती सर्वतोमुखी झाली. सॅलोव्हे पुढे २०१३ ते २०२४ या काळात येल विद्यापीठाचे अध्यक्ष होते, म्हणजे या संकल्पनेच्या एका जनकाने विद्यापीठाचा कारभारही प्रत्यक्ष सांभाळला आहे. सॅलोव्हे आणि मेयर यांनी तिच्यात चार क्षमता धरल्या आहेत: भावना ओळखणे, विचार करताना त्यांचा उपयोग करणे, त्या कशातून निर्माण होतात व कशा बदलत जातात हे समजणे, आणि त्या सांभाळणे. क्षमता म्हटली की सराव आला, आणि यंत्राची मदत होते ती या सरावात. स्वभाव बदलण्याचे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे.

आपल्याकडे या सरावाची गरज अधिक आहे, याचे कारण आपल्या पदांच्या रचनेत आहे. प्राध्यापकाची सगळी घडण आपले म्हणणे बरोबर आहे हे सिद्ध करण्यात झालेली असते, आणि एके दिवशी ज्येष्ठतेने किंवा आळीपाळीने पद त्याच्याकडे येते. त्या दिवसापासून त्याच्याशी खरे बोलणारी माणसे कमी होतात. तासिका तत्त्वावरील शिक्षकाची पुढच्या वर्षाची नेमणूक, सहायक प्राध्यापकाच्या पदोन्नतीची फाइल, संशोधक विद्यार्थ्याच्या अर्जावरची सही, हे सारे त्याच्या टेबलावरून जात असते. ‘चालेल, सर’ आणि ‘बघतो, मॅडम’ ही दोन उत्तरे ज्याने विद्यापीठात काम केले आहे त्याच्या ओळखीची आहेत. त्यांत होकार किती, नाइलाज किती आणि राग किती, हे ऐकणाऱ्याला कळेनासे होते आणि काही वर्षांनी ते कळून घेण्याची सवयही जाते.

मी सुरुवात लिहिण्यापासून केली. संध्याकाळी घरी परतल्यावर दिवसातील एखादा अवघड प्रसंग मी दहा-बारा ओळींत लिहीत असे, आणि सल्ला देऊ नये, शाबासकी देऊ नये, फक्त एकेक प्रश्न विचारावा, अशी सूचना यंत्राला करत असे. पहिल्या महिन्यातील नोंदी नंतर वाचल्या तेव्हा जवळपास प्रत्येक नोंदीत ‘राग आला’ असेच लिहिलेले आढळले. रागाच्या आधीच्या क्षणी काय वाटले होते, असा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आल्यावर मला शब्द शोधावे लागले, आणि आपल्या भाषेत ते मुबलक आहेत: चीड, वैताग, हिरमोड, धास्ती, खंत, रुखरुख, ओशाळलेपण. विभागाच्या सभेत एका तरुण सहकाऱ्याने माझ्या आकडेवारीतील चूक दाखवली, तेव्हा मला आलेला राग प्रत्यक्षात ओशाळलेपण होते, हे मला त्या प्रश्नांमुळे मान्य करावे लागले. भावनेला शब्द दिल्याने भीतीसारख्या भावनांशी निगडित असलेल्या मेंदूतील अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया मंदावते, असे मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले आहे. माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्याशी बोलताना माझा आवाज चढला नाही.

दुसरा उपयोग संवादाच्या तालमीचा, आणि माझी चूक इथलीच आहे. आमच्याकडे एक तरुण शिक्षक अनेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होते. नव्या अभ्यासक्रमामुळे कार्यभार कमी झाला होता आणि त्यांचे तास जवळपास निम्म्यावर येणार होते. तासिका तत्त्वावर मानधन तासांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे ही बातमी त्यांच्या घरखर्चाशी जोडलेली होती. मी यंत्राला त्यांची भूमिका दिली. पहिल्या तालमीत ते पात्र इतक्या समजूतदारपणे बोलले की मला बरे वाटले, आणि या बरे वाटण्यापासूनच सावध राहायला हवे होते. ही साधने वापरणाऱ्याला खूश ठेवण्याकडे झुकतात; एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला आपल्या चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती अतिस्तुतीच्या कारणावरून मागे घ्यावी लागली होती. मी सूचना बदलली: माझ्याशी सहमत होऊ नये, मी अर्धवट बोलले तर अडवावे, मी नियमाआड लपले तर तसे सांगावे. दुसऱ्या तालमीत मी सवयीने ‘तुम्ही समजून घ्याल’ असे म्हटले, तेव्हा उत्तर आले, ‘समजून घेण्यावाचून माझ्याकडे दुसरा पर्याय काय आहे?’ ते वाक्य मी प्रत्यक्ष भेटीतून काढून टाकले. एवढा फायदा निश्चित झाला.

भेट शांतपणे पार पडली. ते ‘ठीक आहे, मॅडम’ म्हणाले आणि निघून गेले, आणि आपण हे काम चांगले केले असे मी मानले. तीन आठवड्यांनी एका सहकाऱ्याने सांगितले की ते स्टाफरूममध्ये बसेनासे झाले आहेत. मी त्यांना केबिनमध्ये न बोलावता कॅन्टीनमध्ये भेटले आणि काय खटकले ते सरळ विचारले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘मॅडम, तास कमी झाल्याचं मला विद्यार्थ्यांकडून कळलं.’ माझ्या भेटीच्या आदल्या दिवशीच नवे वेळापत्रक सूचनाफलकावर लागले होते. यंत्राला मी त्यांच्या नोकरीची वर्षे सांगितली होती, तास सांगितले होते, कारणही सांगितले होते. सूचनाफलकाचा उल्लेख केला नव्हता, कारण माझ्या दृष्टीने ती कार्यालयीन बाब होती. जे मलाच दिसले नव्हते ते यंत्राला कुठून दिसणार? आपण दिलेल्या हकिगतीतच ते आपल्याला उत्तर देते, आणि ती हकिगत आपल्या बाजूने लिहिलेली असते. त्यानंतर संबंधित शिक्षकाशी बोलणे झाल्याखेरीज एकही वेळापत्रक फलकावर लागले नाही.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि तिची मला जास्त काळजी वाटते. तालीम झाल्यावर त्या माणसाला भेटून झाल्यासारखे वाटते. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एलायझा नावाचा साधा संभाषणाचा प्रोग्राम तयार केला, तेव्हा त्यांच्या सचिवांनी त्याच्याशी बोलताना वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले होते. आपल्यासमोर केवळ एक प्रोग्राम आहे हे सचिवांना ठाऊक होते, तरीही असे घडले. पदावरचा माणूस मुळातच एकाकी असतो. ज्याला काहीही सांगितले तरी गवगवा होत नाही असा श्रोता मिळाला की त्याला स्टाफरूममध्ये जाण्याची गरज वाटेनाशी होते. म्हणून तालीम आणि प्रत्यक्ष भेट यांत मी दोन दिवसांपेक्षा अधिक अंतर पडू देत नसे.

मराठीबद्दल थोडे सांगायला हवे. या साधनांचे मराठी अलीकडे सुधारले असले तरी ‘मला तुमच्या भावना समजतात’ अशी वाक्ये ती अजून देतात, आणि तसे आपल्याकडे कोणी कोणाशी बोलत नाही. सहकाऱ्याच्या वडिलांचे निधन झाले असेल तर आपण ‘काही लागलं तर सांगा, तास मी बघते’ असे म्हणतो, आणि त्यात सगळे येते. तेव्हा यंत्राकडून प्रश्न घ्यावेत, वाक्ये उसनी घेऊ नयेत.

चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना ओळखणारी साधने विभागासाठी घ्यावीत असे कोणी सुचवले, तर ठाम नकार द्यावा. चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने ओळखता येत नाही, असे लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ सालच्या विस्तृत आढाव्यात दाखवले आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली चेहऱ्यावरून भावना सांगणारी आपली सेवा मागे घेतली. आणि युरोपीय संघात कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत अशा प्रणाली वापरण्यावर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे सोडता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. नावे, हजेरी क्रमांक, तक्रारीचे कागद यांपैकी काहीही यंत्राला देऊ नये. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर गोपनीयता कायद्यानेच बंधनकारक आहे. ते प्रकरण अंतर्गत तक्रार समितीचे आहे, तालमीचे नाही. बोलताना एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत असे जाणवले, तर त्याला एकटे सोडू नये, समुपदेशकाला लगेच बोलवावे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हाताशी ठेवावा.

आता तुमच्या बैठकीबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या पीएच.डी. विनियमांनुसार विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे आपल्या कामाची प्रगती मांडावी लागते, आणि मार्गदर्शकच त्या समितीचा निमंत्रक असतो. मार्गदर्शक प्रबंधाची प्रकरणे सहा-सहा महिने वाचत नाहीत, ही तक्रार विद्यार्थ्याने तिथे कशी करावी? तुमची बैठक ही कदाचित त्यांची पहिली मोकळी जागा असेल, आणि तीही तुमच्या केबिनमध्ये, तुमच्या सहकाऱ्याविरुद्ध. म्हणून तालमीत तुमचे भाषण घोटण्याऐवजी यंत्राला अशा विद्यार्थ्याची भूमिका द्या, ज्याला बोलायचे आहे पण प्रबंधावर सही कोणाची लागणार आहे हेही ठाऊक आहे, आणि तुमच्या कोणत्या प्रश्नावर तो गप्प होतो ते पाहा. माझ्या अंदाजाने ‘लेखी तक्रार दिली आहे का?’ या प्रश्नावर होईल. सामूहिक बैठकीआधी प्रत्येकाला वीस मिनिटे एकेकट्याने भेटा, कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांना दुपारची वेळ द्या, आणि रविवारी मेगाब्लॉक असतो हे लक्षात ठेवून रविवार टाळा. प्रत्येक भेटीआधी आपला अंदाज एका ओळीत लिहा आणि भेटीनंतर तो कुठे चुकला ते त्याच्याखाली नोंदवा. आठ दिवसांनी, जो विद्यार्थी सर्वांत कमी बोलला असेल, त्याच्याकडे स्वतःहून जाऊन विचारा की त्या दिवशी काही सांगायचे राहून गेले होते का.