सौर धोरणात काम करायचंय, पण शिरायचं कुठून?

प्रश्न: मी साक्री तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते. राज्यशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे डोंगरावर पवनचक्क्या आहेत, तालुक्यात मोठा सौर प्रकल्पही आहे. सातबारावाले जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने देऊ शकतात, आमचा वनपट्टा, म्हणजे वनहक्काने मिळालेली जमीन, म्हणून आम्ही नाही. ही वीज नक्की कुणासाठी, हे डोक्यातून जात नाही आणि त्यावरच काम करावंसं वाटतं. मामा म्हणतात, एमपीएससी कर. भाऊ म्हणतो, तीन महिन्यांचा सूर्यमित्र कोर्स कर, लगेच नोकरी. माझ्या मनातलं काम कुठे असतं का? त्यासाठी काय शिकू?

उत्तर: असतं. जागा थोड्या आहेत, सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि अशी जाहिरात धुळ्याच्या पेपरात सहसा दिसणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

भावाचा सल्ला चांगल्या मनाचा आहे, पण तुझ्यासाठी नाही. सूर्यमित्र हे पॅनल बसवणाऱ्या तंत्रज्ञांचं प्रशिक्षण आहे आणि ते मुख्यतः आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर अशा मुलांसाठी आहे. बीए राज्यशास्त्राला तिथे फारसं स्थान नाही. शिवाय सौर प्रकल्प उभा राहीपर्यंत हाताला काम भरपूर असतं, उभा राहिला की उरतात ते राखणदार, गवत कापणारे, पॅनल धुणारे आणि मोजके तंत्रज्ञ. भावाला स्वतःला करायचा असेल तर त्याने आयटीआयच्या सोलर टेक्निशियन ट्रेडची चौकशी करावी.

आता तुझा मुद्दा. भाड्याचा जो प्रश्न तू चार शब्दांत लिहिलास, तोच या क्षेत्रातल्या कामाचा गाभा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, वर दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीलाही वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षं अनुदान. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पैसा जमिनीच्या मागे जातो. ज्याच्या नावावर सातबारा त्याला भाडं. वनहक्क कायद्याने, म्हणजे २००६ च्या कायद्याने, मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, पण दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आणि गावाच्या गायरानावर प्रकल्प आला तर शेळ्या कुठे चारायच्या हा प्रश्न पडतो तो बहुधा भूमिहीनाला. सौर कृषिपंपाचंही तसंच. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच रक्कम भरावी लागते, इतरांना १० टक्के. सवलत खरी आहे, पण आधी जमीन हवी आणि विहीर किंवा बोअर हवी. घराच्या छतावर सौर पॅनल बसवण्याच्या योजनेत केंद्राचं अनुदान एका किलोवॅटला ३० हजार, तीन किलोवॅट आणि त्यापुढे ७८ हजार. पण छत पक्कं लागतं. मोठं अनुदान मोठ्या छतालाच मिळतं, हेही लक्षात घे.

शासन निर्णय असा वाचायला शिक: पैसे कुणाच्या खात्यात जातात, कोणत्या कागदावर जातात आणि तो कागद कुणाकडे नाही? तुझ्या पाड्यावर बसून हे वाचता येतं. मुंबईच्या पदवीधराला तो कागद कुणाकडे नाही हे ठाऊकच नसतं.

वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून वाच. ग्रामसभेच्या शिफारशीने गावाच्या सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते आणि त्या सुविधांच्या यादीत शाळा, अंगणवाडी, रस्ते यांच्यासोबत अपारंपरिक ऊर्जाही आहे. साक्रीतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे तिथे पेसाही, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदाही, लागू आहे. तुझं गाव त्यात येतं का, ते आधी बघ.

आणि एक जागा, जिच्याकडे मुलं वळतच नाहीत. विजेचा दर मंत्रालय ठरवत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. महावितरण दराची याचिका दाखल करतं, आयोग लोकांकडून सूचना-हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. कुणीही ग्राहक तिथे बोलू शकतो, मराठीत. पण हजर कोण असतं? उद्योगांचे सल्लागार आणि थोडे ग्राहक कार्यकर्ते. पाड्यावरचं कुणी क्वचितच. उद्योगांकडून जास्त दर घेतला जातो, त्यातून शेतीचा आणि गरीब घरांचा काही भार हलका होतो. तेच उद्योग स्वतःची सौर वीज घेऊ लागले की तो भार कुणावर जायचा? पुढची काही वर्षं यावर बरंच भांडण होणार आहे आणि ते आकड्यांत होईल. पुण्याची प्रयास संस्था अशा याचिका वाचून वीजग्राहकाची बाजू मांडण्याचं काम वर्षानुवर्षं करते आहे. त्यांचे मराठी-इंग्रजी लेख मोफत उपलब्ध आहेत, ते वाच.

म्हणून शिकायचं ते हे. एक्सेल, नीट. इंग्रजी बोलायला नाही आलं तरी चालेल, पण शंभर पानी आदेश न घाबरता वाचता आला पाहिजे. आणि घरचं वीजबिल: स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. प्रत्येक ओळ का आहे हे आईला सांगता आलं की तू पुढच्या इयत्तेत गेलीस असं समज.

पदवीनंतर मी लगेच एमए सुचवणार नाही. एक वर्ष वनहक्क किंवा ग्रामसभांवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत काढ, मानधन कमी असलं तरी. त्यात दोन फायदे. मुख्यमंत्री फेलोशिपला, म्हणजे तरुणांना शासनासोबत काम करायला देणाऱ्या राज्याच्या योजनेला, २१ ते २६ वय, पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो, तो होईल. आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) किंवा दुसऱ्या कुठल्या संस्थेत एमएला गेलीस तर तिथे काय विचारायचं हे माहीत असेल. टिसचं तुळजापूरचं केंद्र ग्रामीण विकासासाठी तुला मुंबईपेक्षा जास्त रुचेल, असा माझा अंदाज. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. आदिवासी विकास विभागाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर असते, पण फी आधी भरावी लागते की नंतर वळती होते, हे प्रवेशाआधी संस्थेकडून लेखी घे. इथे मुली अडकतात.

मामांचं काय? त्यांना नाही म्हणू नकोस. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे धोरणाचं वाचन तिथेही कामी येईल. उपजिल्हाधिकारी झालीस तर वनहक्काचे दावे तुझ्याच टेबलावर येतील, ही काही छोटी गोष्ट नाही. फक्त किती प्रयत्न करायचे ते आजच त्यांच्यासमोर ठरव. पुण्यात खोली घेऊन सात वर्षं बसलेली हुशार मुलं मी फार पाहिली आहेत.

एक काम मात्र या आठवड्यातच कर. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का बघ. नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज टाक, कारण वर लिहिलेल्या बहुतेक वाटांवर ते कधी ना कधी मागतील आणि अनुसूचित जमातीच्या दाव्यांना वेळ लागतो. आजोबांच्या किंवा वडिलांच्या शाळेच्या दाखल्याची नोंद शोधायला मामांना लाव.