8 वर्षांच्या मुलाला डुशेन (डीएमडी, स्नायू हळूहळू कमजोर करणारा जनुकीय आजार) आहे. डॉक्टरांनी 'लेट अँब्युलेटरी' (चालता येतं, पण अवघड होत चाललेला टप्पा) लिहिलंय. स्टेज कशी ठरते, उपचार काय बदलतात?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदरच्या इमारतीत मुलगा कठडा धरून कसाबसा जिना चढतो, जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकवतो. स्टेज ठरते ती अशाच गोष्टींवरून, वयावरून नव्हे. दवाखान्यात नॉर्थ स्टार चाचणी करतात: 17 कृती, प्रत्येकीला 0 ते 2 गुण, एकूण 34. एकट्या आकड्यापेक्षा तो सहा महिन्यांत किती घसरला, हे जास्त बोलकं.

दोन मोजमापं घरी करा, दर तीन महिन्यांनी. मूल अनवाणी पाठीवर झोपवा आणि 'ऊठ' म्हटल्यापासून ताठ उभं राहीपर्यंतचे सेकंद लिहा. दुसरं, 10 मीटर जमेल तितक्या वेगात चालणं. आपल्या हॉलमध्ये 10 मीटर बसत नाहीत, तेव्हा सोसायटीच्या पॅसेजमध्ये टेपने आखा. पावसाळ्यात फरशी ओली असेल तर नकोच. पडून मांडीचं हाड मोडलं तर चालणं कायमचं सुटू शकतं. 10 मीटर चालायला 12 सेकंदांच्या वर वेळ जात असेल, तर वर्षभरात चालणं थांबण्याची शक्यता बरीच असते. व्हीलचेअर आणि शाळेतल्या तळमजल्याच्या वर्गाचं तेव्हाच बघा. ताप येऊन गेल्यावर लगेच मोजू नका, आकडा फसवतो.

स्टेरॉइडचा नेहमीचा डोस रोज किलोमागे डेफ्लाझाकॉर्ट 0.9 किंवा प्रेडनिसोलोन 0.75 मिलिग्रॅम. मूल वाढतं, गोळी तीच राहते, ही चूक सर्रास दिसते. प्रत्येक भेटीत वजन सांगून डोस तपासून घ्या. 'चालणं सुटलं, आता कशाला' म्हणून बंद करणं त्याहून वाईट: हात, पाठीचा कणा आणि फुप्फुसांना फायदा पुढेही होतो. शिवाय अचानक थांबवल्यास उलट्या होऊन रक्तदाब कोसळू शकतो, जिवावर बेतू शकतं.

हृदय स्टेजची वाट बघत नाही. मूल फारसं धावतच नाही, त्यामुळे धाप लागलेली कळत नाही. म्हणून तक्रार नसली तरी दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी). हृदयाला जपणारं एसीई इनहिबिटर हे औषध दहाव्या वर्षापर्यंत सुरू करतात. चालणं थांबल्यावर स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) दर सहा महिन्यांनी. तिच्यातली एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेली हवा) अपेक्षित आकड्याच्या 50 टक्क्यांखाली गेली की रात्रीच्या बायपॅपचा (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) विचार होतो. पायाचे स्प्लिंट (घोटा ताठ ठेवणारे आधार) सध्या फक्त रात्री, दिवसा घातले तर चालणं अवघड होतं.

फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा: भूल देताना सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं औषध) नको, वासाची (गॅस हुंगवून दिलेली) भूलही टाळावी. दात काढायला गेलात तरी ते पान दाखवा.