दुप्पट लावण्याची पद्धत आणि व्हीआरएसचे सहा लाख

प्रश्न : वय 57, राहणार चिंचवड. गेल्या महिन्यात व्हीआरएसचे पैसे हातात आले. त्यातले 6 लाख पुण्याच्या रेसकोर्सवर पद्धतशीर खेळायला वेगळे काढतोय. फेवरिटवर (ज्याच्यावर सगळ्यांची जास्त पसंती असते त्या घोड्यावर) 500 रुपये लावायचे, हरलो तर पुढच्या शर्यतीत दुप्पट, जिंकलो की पुन्हा 500 पासून सुरुवात. दोन वर्षं प्रत्यक्ष पैसे न लावता वहीत नोंदी ठेवल्या, त्यात नफा दिसतो. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं सुप्रीम कोर्टानेही मान्य केलंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही. पुढे जाऊ का?

उत्तर : नमस्कार. तुम्ही पाठवलेले वहीचे फोटो मी एकेक करून वाचले. घोड्याचं वजन, जॉकी, ट्रॅकवर्कची म्हणजे सरावाच्या धावेची वेळ, पावसानंतर ट्रॅक किती मऊ झालाय ते मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचं रीडिंग, सगळं वेगवेगळ्या रकान्यांत. इतक्या निगुतीने नोंदी ठेवणाऱ्या माणसाला नुसतं ‘नाद सोडा’ म्हणून मी मोकळी होणार नाही. हिशोबाचं उत्तर हिशोबानेच द्यायला हवं.

तुमच्या वहीत एक रकाना नाही, कराचा. सप्टेंबर 2025 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे, आधी तो 28 होता. नफ्यावर नव्हे, लावलेल्या रकमेवर. तुमच्याच वहीतला प्रकार घेऊ : दोन शर्यती हरल्या, तिसरी जिंकली, भाव रुपयाला 60 पैसे, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या रुपयामागे 60 पैसे नफा. लावले 500, 1000 आणि 2000. पहिले दोन, म्हणजे 1500 रुपये, गेले. तिसऱ्यात 1200 मिळाले. कर न धरताही तुम्ही 300 ने मागेच आहात, कारण दोन हरींनंतर दुप्पट लावून नुकसान भरून निघायला भाव किमान रुपयाला 75 पैसे लागतो, हरी वाढतील तसा तो रुपयाला रुपयाच्या जवळ जातो, आणि फेवरिटला तो दर वेळी मिळत नाही. आता बुकीकडे वरून द्यायचा कर धरा : 200, 400 आणि 800. तुमच्या पद्धतीप्रमाणे ‘जिंकून’ संपलेल्या या फेरीत खिशातून 1700 रुपये गेले. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या रेसकोर्सच्या खिडकीवर, हा कर वेगळा दिसत नाही, तो जमा रकमेतूनच निघतो आणि डिव्हिडंड, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारी रक्कम, तेवढा बारीक होतो.

सुप्रीम कोर्टाचा 1996 चा निकाल तुम्ही बरोबर सांगितलात. पण खेळात कौशल्य आहे म्हणून खेळणाऱ्याला फायदा होतोच असं नाही. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन कशासाठी चढवतात? सगळे घोडे शेवटच्या खांबाशी जवळजवळ एकत्र यावेत म्हणूनच ना! तुम्हाला जे दिसतं ते बुकीलाही दिसतं, आणि भावात ते आधीच धरलेलं असतं. तुमचा अभ्यास इतरांपेक्षा सरस असेलही, पण तो 40 टक्क्यांनी सरस असावा लागेल.

आता सलग हरण्याचं. फेवरिट तीनात एकदा जिंकतो असं धरू. 500 पासून दुप्पट करत गेलात तर दहा हरींमध्ये 5,11,500 रुपये जातात आणि अकरावी पैज 5,12,000 ची येते. तेवढे तुमच्याकडे उरलेलेच नसतील. सलग दहा हरी अशक्य वाटतात, पण 200 शर्यती खेळलात तर अशी रांग एकदा तरी लागण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे. शिवाय टोटवर 64,000 लावलेत तर तुमच्याच पैशाने त्या घोड्याचा डिव्हिडंड खाली येईल. वहीतल्या सरावात हे दिसणारच नाही.

आयकर तर आहेच. जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के आणि वर सेस, हरलेल्या पैजांची वजावट नाही. वर्षअखेर एकूण तोटा असला तरी जिंकलेल्या पैजांवर कर भरावा लागेल.

या 6 लाखांसाठी माझ्या मनात दुसरी जागा आहे आणि तिला मुदत आहे. व्हीआरएस घेतलेल्यांना 55 वर्षांनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येतं, पण निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तुमचा एक महिना गेला. सध्याचा दर 8.2 टक्के, म्हणजे 6 लाखांवर दर तिमाहीला 12,300 रुपये. व्याज करपात्र आहे, पण खातं उघडताना मिळालेला दर पाच वर्षं टिकतो.

रेसकोर्सवर जरूर जा. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागी, घोडा चालताना पाहून तुम्ही जे टिपता, ते वाचताना मलाही मजा आली. त्या व्याजातून महिन्याला 1,500 रुपये रोख घेऊन जा, दुप्पट करू नका, संपले की घरी या. आणि वहिनींना आजच सांगा. कंपनीतली तुमची सगळी वर्षं त्यांनीही घर सांभाळलंय, हे पैसे त्यांचेही आहेत. वहीत कराचा रकाना घालून मागच्या वर्षाची बेरीज पुन्हा मारा आणि मला पाठवा. मी तपासून देईन.