जवसाचा भाव आणि क्रांतीची तिजोरी

सोव्हिएत संघाच्या पंचवार्षिक योजनांवर लिहिताना मागच्या वेळी परदेशी व्यापार मी दोन ओळींत उरकला. वाचकांनी बरोबर कान धरला. त्यांच्या चार प्रश्नांची ही उत्तरं.

भांडवलदारांना गाडायला निघालेल्या बोल्शेविकांनी (१९१७ च्या क्रांतीने सत्तेवर आलेल्या रशियन कम्युनिस्टांनी) त्यांच्याशीच व्यापार करार का केला? (नाशिक)

नाइलाजाने. आधी महायुद्ध, मग यादवी; सात वर्षांत रेल्वे, कारखाने, शेती सगळ्याचीच वाट लागली होती. १६ मार्च १९२१ ला लंडनमध्ये ब्रिटनशी करार झाला. त्याच आठवड्यात मॉस्कोत बोल्शेविक पक्षाने शेतकऱ्यांचं धान्य ओरबाडणं थांबवून धान्यरूपात ठरावीक कर घ्यायचं ठरवलं. दोन्हींमागचं कारण एकच होतं. गंमत म्हणजे या करारात आपणही आहोत: हिंदुस्थान आणि अफगाणिस्तानात ब्रिटिशांविरुद्ध चिथावणी द्यायची नाही, अशी अट त्यात होती. म्हणजे पहिल्याच सौद्यात क्रांतीला थोडी जीभ आवरावी लागली.

व्यापारातून भांडवलशाही आत शिरेल, ही भीती खरी होती की नुसता बागुलबुवा? (सोलापूर)

खरी होती, पण भांडवलशाही नेमकी कुठून शिरणार हे लेनिनने जवसाच्या भावावरून दाखवलं. आपल्याकडे जवस तेलासाठी आणि चटणीसाठी; तिकडे त्याच्या धाग्याचं कापड होतं. एप्रिल १९१८ पासून परदेशी व्यापाराची मक्तेदारी सरकारकडे होती, म्हणजे परदेशाशी खरेदी-विक्री फक्त सरकारमार्फत. ऑक्टोबर १९२२ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने ती सैल करायचं ठरवलं. बुखारिन आणि सोकोल्निकोव्ह हे पक्षनेते त्या बाजूचे, आणि स्टालिनलाही मक्तेदारीचं फारसं प्रेम नव्हतं. आजारी लेनिनने पत्र पाठवलं. जवस रशियात साडेचार रूबल आणि इंग्लंडमध्ये चौदा. असं असताना शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला रोखणार कोण? सीमेवर पहारेकरी कितीही ठेवा, एवढा फरक दिसला की माल वाट काढतोच. डिसेंबरमध्ये निर्णय फिरवला गेला.

मला लेनिनचं म्हणणं पटतं. खरेदी-विक्रीने राज्य बुडत नाही. किल्ली कुणाकडे आहे हा प्रश्न असतो. पण किल्ली सरकारकडे राहिली म्हणजे सगळं भलंच झालं असं नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न.

गहू विकून कारखाने उभे राहिले. मग तक्रार कसली? (पुणे)

कारखाने उभे राहिले, हे खरंच. स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना डेट्रॉइटच्या अल्बर्ट कान यांच्या कंपनीने आखला. त्याचा पोलादी सांगाडाही अमेरिकेतच बनून जहाजाने आला आणि जून १९३० मध्ये तो सुरू झाला. पण नेमकी तेव्हाच जागतिक मंदी आली. गव्हाचे भाव कोसळले, यंत्रांची देणी तशीच राहिली. म्हणून आणखी गहू बाहेर गेला: १९३० मध्ये सुमारे ४८ लाख टन धान्य, १९३१ मध्ये सुमारे ५२ लाख टन. १९३२-३३ मध्ये युक्रेन आणि कझाकस्तानात माणसं भुकेने मरत होती, तेव्हाही निर्यात कमी झाली, थांबली नाही.

परकीय चलनासाठी काय काय विकलं गेलं पाहा. लेनिनग्राडच्या एर्मिताज संग्रहालयातली २१ चित्रं अँड्र्यू मेलन यांनी घेतली. हे गृहस्थ तेव्हा अमेरिकेचे अर्थमंत्री! आणि गावोगावी ‘तोर्गसिन’ नावाची सरकारी दुकानं होती, मुळात परदेशी गिऱ्हाइकांसाठी काढलेली. १९३१ पासून सामान्य माणसालाही दार उघडलं, मात्र सोनं आणलं तर. कानातलं किंवा लग्नातली अंगठी तराजूत पडायची, हातात पावती यायची, पावतीवर राईचं पीठ मिळायचं. त्या अंगठ्यांतून यंत्रांचे हप्ते फिटले. मक्तेदारीने राज्याला बाहेरच्या व्यापाऱ्यापासून वाचवलं, पण शेतकऱ्याला राज्यापासून वाचवणारं कुणीच नव्हतं. ‘व्यापाराचा फायदा झाला का’ असं विचारणाऱ्याला म्हणूनच मी आधी ‘कुणाला?’ असं विचारतो.

मग १९८० च्या दशकात डाव उलटला कसा? अमेरिकेने धान्य बंद केलं म्हणून का? (बेळगाव)

नाही. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा गेल्यावर जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी धान्यबंदी केली खरी, पण मॉस्कोने अर्जेंटिनाकडून माल उचलला, आणि अमेरिकेने स्वतःच्याच शेतकऱ्यांच्या ओरडीमुळे एप्रिल १९८१ मध्ये बंदी उठवली. विकणाऱ्यालाही गिऱ्हाईक हवंच असतं.

दुखणं घरात होतं. एकेकाळचा गहू विकणारा देश आता काही वर्षी चार कोटी टनांहून जास्त धान्य विकत घेत होता. पैसे यायचे सायबेरियाच्या तेलातून. १९७३ नंतर तेल महागलं, तशी शेती दुरुस्त करायची घाईच उरली नाही. हाती पैसा खेळत असला की गळकं छप्पर पुढच्या पावसाळ्यावर ढकलतात, तसं. सोव्हिएत गटातल्या पोलंडने तर पाश्चात्त्य बँकांची उधारी केली. हप्ते डोईजड झाले, जुलै १९८० मध्ये मांस महागलं आणि ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला. सोव्हिएत संघाकडे तेल होतं म्हणून त्याचं आणखी थोडं निभावलं. १९८६ मध्ये तेलाचा भाव निम्म्याखाली आला. धान्याच्या बोटी मात्र बंदरात लागतच होत्या, आणि त्यांचे पैसे डॉलरमध्येच द्यायचे होते.