कुंडात डुबकी मारू देतात का हो?

प्रश्न: दादा, मुलीला इंग्लंडमधल्या बाथला मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय, सप्टेंबरात आम्ही दोघंही सोडायला जाणार. ह्यांचे गुडघे धरतात, म्हणून म्हणतात तिथल्या रोमन कुंडात रोज डुबकी मारतो. खरंच आंघोळ करू देतात का? आणि पोरीला खोली मिळेना झालीय, काय करावं?
– एक काकू, शहापूर, बेळगाव

उत्तर: काकू, पहिलं म्हणजे काकांना टॉवेल घरीच ठेवायला सांगा. ते रोमन कुंड नुसतं बघायचं. पाणी हिरवंगार, वर वाफ निघत असते, मोह होतो खरा, पण 1978 साली त्या पाण्यात पोहलेली एक मुलगी अमिबाच्या इन्फेक्शननं गेली आणि तेव्हापासून जुन्या कुंडांतली आंघोळ बंदच. जवळच 2006 पासून नवीन स्पा आहे, तेच झऱ्याचं पाणी शुद्ध करून, गच्चीवर पूल, तिथं पैसे भरून खुशाल बसा. बरं वाटेल, शेक मिळेल, पण गुडघ्यांची गोळी बंद करू नका.

झरा मात्र बघण्यासारखा हाय, आपल्या कोकणातली उन्हाळी असतात ना तसलाच, 46 डिग्रीचं पाणी, रोज 11 लाख लिटरच्या वर. रोमन लोक तिथल्या देवीला शिशाच्या पत्र्यावर गाऱ्हाणं लिहून पाण्यात टाकायचे, असे 130 च्या आसपास पत्रे सापडलेत. बहुतेक चोरीचे! आंघोळीला गेलो आणि कपडे पळवले, त्या चोराला झोप लागू देऊ नको, असलं. मी तर वाचून हसलोच, आपल्याकडं देवळात गाऱ्हाणं घालतात त्यातला आणि ह्यातला फरक काय?

आता खोली. मी तिथं दीड वर्ष होतो, माळ्यावरच्या खोलीत. गाव सगळं मधाच्या रंगाच्या दगडाचं, 1987 पासून जागतिक वारसा, फोटो झकास येतात, पण माझ्या खिडकीला एकच काच, दुहेरी लावायची म्हटलं तर घरमालक म्हणायचा जुनी इमारत, परमिशन लागते, आणि मी आपला आईनं दिलेली घोंगडी पांघरून अभ्यास करतोय. दोन युनिव्हर्सिट्या, वर टुरिस्टांची गर्दी, भाडी चढणार नाहीत तर काय? तेव्हा पहिलं वर्ष हॉस्टेलचाच फॉर्म भरा, आजच. नाहीच मिळालं तर ब्रिस्टल बघा, ट्रेननं 15 मिनिटांच्या आत-बाहेर, तिथंही काय स्वस्त नाही म्हणा. आणि खोली कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका, माझे एकदा असेच बुडालेत.

नदी खाली आणि बाथ युनिव्हर्सिटी टेकडीवर, चढ असा की आपला येळ्ळूरचा गड आठवावा. पोरीला बूट चांगले घ्या. काकांना बसनं न्या.