बॉश नव्हे, बॉस!

एका वाचकाने विचारलंय की नेदरलँड्समधल्या ’स-हेर्तोखेनबॉस या शहराच्या नावाआधी ते चिन्ह आणि एकटा ‘स’ कशाला, आणि उच्चार काय?

उच्चार आधी उरकतो. सेर्तोखेनबॉस. ‘ह’ गिळायचा, शेवटी ‘स’. दर जूनमध्ये तिथली टेनिस स्पर्धा सुरू झाली की ‘हर्टोजेनबॉश’ कानावर आदळतं. ड्रिल मशीनवरचा ‘बॉश’ जर्मन आहे, तिथे ‘श’ बरोबर. हे गाव डच. ‘लिहिलंय तसं वाचावं’ म्हणणाऱ्या पंडितांनी आधी ‘ज्ञ’ लिहिल्याप्रमाणे वाचून दाखवावा. एवढं जमत नसेल तर तिथल्या लोकांसारखं सरळ ‘डेन बॉस’ म्हणा.

तो ‘स’ म्हणजे ‘देस’ या षष्ठीतल्या उपपदाची (इंग्रजीतलं ‘ऑफ द’ समजा) उरलेली शेपटी, आणि ते चिन्ह म्हणजे गळालेल्या ‘दे’ची खूण. हेर्तोख म्हणजे ड्यूक, बॉस म्हणजे रान, ड्यूकचं रान. हेगच्या ’स-ग्राव्हेनहागे या नावातही हीच शेपटी आहे. आपला ड्यूक म्हणजे ब्राबांटचा पहिला हेन्री, ११८५ च्या सुमारास गावाला शहराचा दर्जा देणारा. पण गंमत ‘हेर्तोख’मध्ये आहे. ‘हेर’ म्हणजे सैन्य आणि पुढचा तुकडा ओढणे, नेणे या अर्थाच्या धातूचा. सेना नेणारा. म्हणजे हुबेहूब आपला सेना + नी, सेनानी! ‘सरदार’ एवढं लिहून मोकळे होणारे कोशकार ही मजा घालवतात.

रान केव्हाच गेलं. डोमेल आणि आ या नद्या इथे मिळून डीझे होते आणि ती पुढे मास नदीला मिळते. भोवती सगळी दलदल, त्यामुळे शहर जिंकणं अशक्य, म्हणून टोपणनाव ‘दलदलीतला ड्रॅगन’. शेवटी १६२९ मध्ये स्पेनविरुद्ध लढणाऱ्या डच सैन्याचा सेनापती फ्रेडरिक हेंड्रिक याने नद्या अडवल्या, भोवती बांध घातला, घोड्यांच्या चक्क्यांनी आतलं पाणी उपसलं आणि शहर घेतलं. आज ते उत्तर ब्राबांट प्रांताची राजधानी आहे.

तोवर तिथे स्पॅनिश राजांचा अंमल होता, आणि खरी मेजवानी इथेच आहे. स्पॅनिशमध्ये या गावाला बोल्दुके म्हणत. त्यावरून ‘बाल्दुके’ शब्द झाला. अर्थ? कचेरीतले कागदांचे गठ्ठे बांधायची अरुंद, बहुधा लाल, फीत! ‘लालफीत’ हा आपला जोडशब्द इंग्रजीवरून बेतलेला, कबूल. पण त्यातली ‘फीत’ पोर्तुगीज ‘फिता’, आणि १५८० ते १६४० पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते, म्हणजे गोव्यावरही. तेव्हा गोव्याच्या दप्तराला डेन बॉसचीच फीत लागली असणार, अशी माझी पक्की अटकळ आहे. ‘पुरावा कुठाय?’ म्हणणाऱ्यांनी गोव्याच्या पुराभिलेखात जाऊन त्या काळातला एखादा गठ्ठा सोडावा. अर्थात, तशी परवानगी मिळायला किती अर्ज लागतील, ते त्यांनीच बघावं.